यमूनं वळवला ओढा

टेकडीखालच्या एका गावात यमू आणि तिची आई राहायच्या. त्यांच्याजवळ होतं तरी काय? एक इवलंसं घर आणि ओढ्याकाठचे चार चिमुकले वाफे. पोपटी मेथी, लालचुटुक मिरच्या.

ओढा पूर्वी नागमोडी वाहायचा. मग गावानं त्याला दोन भिंतींमध्ये कोंडून पट्टीसारखा सरळ केला. तेव्हापासून पावसाळ्यात पाणी धाडकन खालच्या वाडीत शिरायचं आणि उन्हाळ्यात ओढा ठणठणीत कोरडा! विहिरीही आटल्या. यमू लांबच्या झऱ्यावरून पाणी आणायची.

एका सकाळी परत येताना ओढ्याच्या शेवटच्या डबक्यात तिला एक चंदेरी मासोळी तडफडताना दिसली. यमूनं तिला अलगद कळशीत घेतलं, आल्या वाटेनं मागे जाऊन झऱ्यात सोडलं.

तोच लख्ख उजेड पडला. कर्दळीच्या पानावर बोटाएवढी परी! पंख निळे-हिरवे, केसांत दवाचे मणी.

“यमूबाळा, तुझ्या दोन इच्छा पुऱ्या करीन.”

“आमच्या ओढ्याला त्याची वळणं परत दे ना गं!”

“देईन. दोन इच्छांची दोन वळणं, एक या काठाला, एक त्या काठाला. पण वळायला जागा लागते, राणी. ती ज्याची त्यानं राजीखुशीनं द्यायला हवी.”

या काठाला तर यमूचेच वाफे! तिनं घरी येऊन सगळं सांगितलं. आईनं मिरच्यांवरून एकदा हात फिरवला. मग पदर खोचून म्हणाली, “चल, रोपं काढून घेऊ.”

पलीकडच्या काठाला तुळाजीकाकांचं शेत. यमूनं त्यांच्याकडेही जागा मागितली. “माझी जमीन? मुळीच नाही!” ते गरजले. पण मायलेकींना हिरवीगार रोपं उपटताना पाहून ते बांधावरच बसले.

“दरवर्षी खालच्या वाडीत माझ्या लेकीचं घर बुडतं,” ते हळूच म्हणाले. “घे पोरी, हवी तेवढी जागा घे.”

यमूनं डोळे मिटून दोन्ही इच्छा सांगितल्या. भिंती साखरेसारख्या विरघळल्या. ओढ्याची वाट डावीकडे झुकली, उजवीकडे झुकली.

पुढे धो धो पाऊस आला. काका धावतच वाडीत गेले. लेक कोरड्या उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडत होती.

“बाबा, पाणी आलंच नाही!”

काकाही तिच्याशेजारी बसून तांदूळ निवडू लागले.

पाऊस ओसरला, तर विहिरी तुडुंब! वळणांच्या कुशीत ओढ्यानं काळीभोर, लोण्यासारखी माती आणून ठेवली होती. एका काठाला यमूसाठी, दुसऱ्या काठाला काकांसाठी. दिलेल्या जागेपेक्षा दुप्पट.

“खूश ना?” यमूच्या खांद्यावर उतरून परीनं विचारलं.

यमूला हसू आवरेना. परीनं तिच्या गालाला पंख लावला आणि ती सोनेरी उन्हात विरघळून गेली. खाली पाणी सावकाश, गिरक्या घेत, गात चाललं होतं.