दरडीखालची सशीण

डोंगराला अजून कुणी नाव ठेवलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. एका सकाळी दरड कोसळली आणि सशीण आपल्या बिळात अडकली.

घूस, मुंगूस आणि खेकडा मदतीला धावले. तळमळ तिघांचीही खरी होती. पण तिला मीच बाहेर काढणार, असं प्रत्येकाच्या मनात होतं. तिघांनी तीन बाजूंनी उकरायला घेतलं. घुशीने मागे टाकलेली माती मुंगसाच्या भोकात पडे, मुंगसाची खेकड्याच्या आणि खेकड्याची पुन्हा घुशीच्या.

आतून सशिणीचा दबका आवाज आला, "अरे बाबांनो, मघाशी थोडा उजेड तरी दिसत होता. आता तोही गेला!"

तिघंही थबकली. आपली माती कुठे पडतेय, हे त्यांनी आता कुठे पाहिलं.

"घूसबाई, तुमचं भोक सगळ्यांत खोल गेलंय," मुंगूस ओशाळून म्हणालं. "तुम्ही उकरा, मी माती लांब नेऊन टाकतो."

वाटेत आडवी येणारी मुळं खेकड्याने नांगीने तोडली.

थोड्याच वेळात मातीतून दोन लांब कान वर आले. सशीण धापा टाकत म्हणाली, "कोणी वाचवलं म्हणून सांगू सगळ्यांना?"

तिघं एकमेकांकडे बघून हसली.

"ते राहू दे गं," घूस म्हणाली. "आधी नीट श्वास तरी घे."