गडग्यावरचा प्रश्न

पानखोलच्या टेकडीचं एक अंग गर्द आहे आणि दुसरं बोडकं. दोन्हींच्या मधून, माथ्यावरून, एक गडगा जातो. नुसते दगडावर दगड, ना चुना ना माती. पाहुणे आले की त्यांना तो दाखवायचं काम तुकाआबांकडे, म्हणजे माझ्या चुलतसासऱ्यांकडे असतं. फोटो काढून होईपर्यंत ते थांबतात आणि मग सांगायला लागतात.

पूर्वी म्हणे हे सगळं अठरागाव. अठरा गावं, एक देवी, एक होळी. पानखोल सगळ्यांत शेवटी सामील झालेलं. होळीला उभं करायचं झाड दरसाल पानखोलच्या राईतून जायचं, कारण उंच झाडं इथंच होती. पुढे होळीच्या नावाखाली सतरा गावांचे वासे, दारं, नांगर हेही इथूनच जायला लागले. पानखोलने बैठकीत तोंड उघडलं की थोरल्या गावचे मानकरी म्हणायचे, "शेवटी आलात, शेवटी बोला." आणि शेवटची पाळी येईपर्यंत बैठक उठलेली असायची.

एका शिमग्याला पानखोलने निरोप धाडला की झाड मिळणार नाही, आणि आम्ही अठरागावातून निघालो.

सतरा गावं कुऱ्हाडी घेऊन टेकडीवर आली. पुढे थोरल्या गावचा मुख्य मानकरी बाळोजी परब. "असं कुणालाही उठून जाता येत नसतं," तो म्हणाला. "आज तुम्ही, उद्या आणखी कोण. अठरागाव म्हणजे काय धर्मशाळा आहे?"

पानखोलच्या कुणाचा हात उठेना. प्रत्येकाची बहीण नाहीतर मेहुणा समोरच्या गर्दीत होता.

तेव्हा बाळोजीला एक युक्ती सुचली. त्याचीच मुलगी येसू पानखोलला नुकतीच दिलेली, अंगावरची हळदही उतरली नव्हती. "हिला विचारा," तो म्हणाला. "ही दोन्हीकडची. ही सांगेल ते सतरा गावं मानतील, देवीची शपथ." लेक आपली, म्हणजे उत्तरही आपलं, असं त्याला वाटलं. नवी सून सासरी दिवसभर खाली मान घालून सगळं बघत असते, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. पुरुषांच्या सहसा येत नाही.

येसूने विचारलं, "बाबा, पानखोल अठरागावात आलं, तेव्हा त्याला कुणी बांधून आणलं होतं?"

"छे. आपल्या पायांनी आलं."

"मग ते पाय अजून त्याचेच आहेत."

"देवी आमच्याकडे राहील."

"राहू दे. झाडं तिनं नाही तोडली. आम्ही तिला इथनं हात जोडू."

"आणि तुझं माहेर?" हे मात्र बाळोजीने हळूच विचारलं. फुटलेल्या गावाशी येणंजाणं बंद, असा अठरागावचा नियम होता.

येसूने पदर खोचला, पायाशी पडलेला दगड उचलला आणि बापाच्या नि आपल्या मधे ठेवला. "आम्ही येणार नाही," ती म्हणाली.

मग एकेक करत सगळं पानखोल दगड ठेवू लागलं. दिवस मावळायच्या आत गडगा उभा राहिला. त्या दिवशी दगड आपोआप टेकडी चढून आले असं सांगतात. माझ्या सासूबाईंचं म्हणणं, ते बायकांनी वाहिले. आपोआप काही होत नाही, स्वयंपाकसुद्धा.

सतरा गावांनी शपथ पाळली. झाडं त्यांनी टेकडीच्या आपल्या अंगाची तोडली, ती संपेपर्यंत.

पुढच्या शिमग्याला बाळोजी ढोल घेऊन गडग्याशी आला. नियमाने येसूच्या घरी जायला त्याला बंदी होती. प्रश्न विचारायला यायला नव्हती. "येता का परत?" त्याने चारचौघांत विचारलं. "नाही," येसू म्हणाली, आणि गडग्यावरून त्याच्या हातात गूळ-पाणी दिलं. मरेपर्यंत तो दरसाल विचारत राहिला.

आजही होळीच्या आदल्या दिवशी सतरा गावांचे मानकरी येतात आणि पानखोलच्या सगळ्यांत नव्या सुनेला विचारतात. 'हो' म्हणायची तिला पूर्ण मुभा असते. ती तसं म्हणाली तर त्याच दिवशी गडगा पाडायचा, हे दोन्हीकडे ठरलेलं आहे.

यंदा नवी सून मी. मानकरी भले गृहस्थ. ढोल थांबवून म्हणाले, "सूनबाई, जरा मोठ्यानं हं. मागच्यांना ऐकू येत नाही."

मी "नाही" म्हटलं. समोरच्या उतारावर आवाज अडवायला एकही झाड नाही, त्यामुळे ते थेट थोरल्या गावापर्यंत गेलं म्हणे.