लांडगीला जामीन राहिलेली ठकूबाई

फार वर्षांपूर्वी, माणदेशात कोर्ट आणि वकील यायच्याही आधी, मोराळवाडीत ठकूबाई नावाची एक धनगरीण होऊन गेली. अंगाने काटकुळी, जिभेने तिखट. नवरा कधीच वारलेला, मूलबाळ नाही. होती ती मेंढरं आणि लोकर कातणारा उजवा हात. तिच्या सुताची घोंगडी अशी घट्ट व्हायची की पाऊससुद्धा आत शिरताना दोनदा विचार करायचा, असं म्हणतात.

लांडगीशी मात्र तिचं उभं वैर होतं. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण हल्ली लोक ठकूबाईला लांडग्यांची माय वगैरे करून टाकतात. तसली ती नव्हती. गावाबाहेरच्या माळावर लांडगीचं बीळ होतं. दरसाल लांडगी ठकूची कोकरं उचलायची आणि दरसाल ठकू गोफण घेऊन, शिव्या देत, कोसभर तिच्यामागे धावायची.

एका माघात, बिरोबाची जत्रा आठ दिवसांवर आली असताना, देवाला सोडलेला एडका नाहीसा झाला. देवळामागे खुंटी होती, दावं होतं, एडका तेवढा नव्हता. देवाचा एडका गेला म्हणजे सगळ्या गावाला दोष. गाव हवालदिल झालं. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, "लांडगीनंच न्येला असंल," आणि सगळ्यांना हायसं वाटलं.

न्यायनिवाड्याला देवळापुढे गोत बसलं. गोत म्हणजे गावातली जाणती माणसं, आणि त्यांचा म्होरक्या रायाजी पाटील. आरोपीला तीन हाका मारल्याशिवाय निकाल द्यायचा नाही, असा गोताचा कायदा. म्हणून पाटलाने माळाकडे तोंड करून लांडगीला तीन हाका मारल्या. माणसं पोट धरून हसली. मग पाटलाने निकाल सांगितला : बिळाला धुरी द्यायची आणि वर धोंडे रचायचे.

आत पिल्लं होती. हे ठकूइतकं कोणालाच माहीत नव्हतं. ती उठली.

"दावं बगितलं का कुणी? गाठ सुटलेली हाय. लांडगी दावं तोडंल. गाठ सोडाय तिला बोटं कुठं हायत?"

पाटलाचा चेहरा उतरला. पण तो हसून म्हणाला, "लईच पुळका आलाय लांडगीचा. मग तूच ऱ्हा की तिला जामीन."

तो बोलला थट्टेने. पण गोतात, देवासमोर, बोललं ते बोललं. ठकूने पायरीवरचा भंडारा उचलून कपाळाला लावला. "ऱ्हायले जामीन."

हसू तिथल्या तिथे बंद झालं. जामीन राहणाऱ्याने आरोपीच्या जागी दिव्य करायचं आणि खोटं ठरलं तर शिक्षाही आपण भोगायची, हाही गोताचाच कायदा होता.

"कशापायी गं?" एका म्हाताऱ्याने विचारलं. "तुजीच कोकरं खाल्ली तिनं."

"खाल्ली ती माजी. त्याचं मी बगून घीन. पर ह्ये तिनं केल्यालं न्हाई."

दुसऱ्या दिवशी देवळापुढे कढईत तेल उकळलं. ठकूची नखं काढली, हात रिठ्याने धुतला. तळाशी टाकलेला धातूचा तुकडा तिने उजव्या हाताने वर काढला आणि पाटलाच्या पुढ्यात ठेवला. मग हातावर पिशवी चढवून लाखेची मोहर केली. तिसऱ्या दिवशी पिशवी सोडायची. हात चांगला निघाला तर ती खरी.

ठकूला भीती वाटली नाही असं कोणी सांगितलं तर ते मानू नका. तीन दिवस ती देवळात बसून पिशवीतली बोटं हलवून बघायची. दोन हलत, तीन हलत नसत. तिला रडू यायचं. पण उठून घरी जावं असं तिच्या मनात एकदाही आलं नाही, असं म्हणतात.

मोहर फोडली. हात पार भाजला होता.

"झालं," पाटील म्हणाला. "धुरी द्या."

"द्या की," ठकू म्हणाली. "पर शिक्षा जामिनाला असती. पयली मला द्या."

ती चालत माळावर गेली आणि बिळाच्या तोंडाला पाठ लावून बसली. मागे पिल्लं कुईकुई करत होती. लोकांनी गोवऱ्या आणि मिरच्या आणून टाकल्या, पण पेटवायला कोणाचाही हात पुढे होईना. अखेर पाटलाने स्वतः जाळ केला.

धूर उठला, ठकूच्या गुडघ्यापर्यंत आला आणि थांबला. वारा नव्हता. तरी धूर मागे वळला. पाटील मागे सरला तसा धूर त्याच्यामागे निघाला. धनगरामागे मेंढरं जावीत तसा तो माळ उतरला, गावात शिरला आणि पाटलाच्या अंगणात जमिनीखाली खणलेल्या धान्याच्या पेवात जाऊन बसला, असं म्हणतात. लोकांनी पेवावरचा दगड सरकवला. आत एडक्याचं कातडं होतं, शिंगं होती. आदल्या आठवड्यात पाटलाचा जावई जेवून गेला होता, हे मग एकेकाला आठवायला लागलं.

गोत पुन्हा बसलं. खरं बोलणाऱ्या बाईचा हात भाजतो, तर मग दिव्यच खोटं, असा निकाल झाला. कढई तिथेच फोडली. मुक्या जिवाच्या बाजूने कोणी उभं राहिल्याशिवाय त्याचा निवाडा करायचा नाही, हेही ठरलं.

ठकूचा उजवा हात पुन्हा चालला नाही. ती डाव्या हाताने कातायला शिकली. सूत जाडंभरडं निघायचं. पुढच्या साली लांडगीने तिचं कोकरू नेलं, तेव्हा ठकू डाव्या हातात गोफण घेऊन शिव्या देत कोसभर धावली.

आजही मोराळवाडीचे धनगर माघात त्या माळावर मेंढरं नेत नाहीत. कोणाचं कोकरू गेलं तर घरात "ठकूचं गेलं" म्हणतात आणि लांडग्याच्या बिळापर्यंत माग काढत नाहीत. परवा वनखात्याची माणसं तिथे फलक रोवायला आली. लांडगा मारणं गुन्हा आहे, कायद्याने शिक्षा होईल, असं त्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं. एका म्हातारीने सगळं ऐकून घेतलं.

"लावा बापडं, लावा," ती म्हणाली. "आमच्याकडं ह्यो निकाल कवाच लागलाय. पर खड्डा जरा लांब काढा. आत पिल्लं हायती."