इवलीचा मटकीचा दाणा

एक होती मुंगी. नाव तिचं इवली. तिला सापडला मटकीचा एक दाणा. तपकिरी आणि गुळगुळीत. इवलीने तो उचलला आणि निघाली घरी. तुरुतुरु, तुरुतुरु.

वाटेत सगुणाकाकूचं मिसळीचं दुकान. ओट्यावर पातेलं. पातेल्यात मटकी भिजत घातलेली. इवली काठावरून चालली. पाय घसरला. टुप्प. दाणा गेला पाण्यात.

काकूने मटकी उपसली. ओल्या फडक्यात बांधली. इवली गाठीवर बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी काकूने गाठ सोडली. बघते तर काय, दाण्यादाण्याला शेपूट. पांढरं पांढरं, वळलेलं. इवली बघतच राहिली. यातला माझा कुठला?

काकूने मटकी चुलीवर चढवली. रटरट, रटरट. वर आली लाल लाल तर्री. जणू तळंच, लाल पाण्याचं. इवली बघतच राहिली.

मग म्हणाली, "काकू काकू, माझा दाणा दे."

काकू म्हणाली, "दाण्याची आता मिसळ झाली गं. वाढली असती, पण पाव कुठाय?"

इवली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. आली हनीफदादाच्या भट्टीपाशी. केवढी ती भट्टी. आत काळोखच काळोख. इवली बघतच राहिली.

"दादा दादा, पाव भाज.
दादा पाव भाजेल,
काकू मिसळ वाढेल,
माझा दाणा मला मिळेल."

दादा म्हणाला, "भाजले असते, पण लाकूड कुठाय? लाकडाची गाडी वाटेतच उभी आहे. बैल काही हलत नाही."

इवली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. आली चांद्या बैलापाशी. केवढी ती शिंगं. पार आभाळात गेलेली. इवली बघतच राहिली.

"चांद्या चांद्या, गाडी ओढ.
चांद्या गाडी ओढेल,
दादा पाव भाजेल,
काकू मिसळ वाढेल,
माझा दाणा मला मिळेल."

चांद्या म्हणाला, "ओढली असती, पण पाणी कुठाय? घसा सुकलाय माझा."

इवली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. आली विहिरीपाशी. तिथे अंबूआत्या, हातात दोर. इवलीने खाली वाकून पाहिलं. विहिरीत होतं अख्खं आभाळ. इवली बघतच राहिली.

"आत्या आत्या, पाणी शेंद.
आत्या पाणी शेंदेल,
चांद्या गाडी ओढेल,
दादा पाव भाजेल,
काकू मिसळ वाढेल,
माझा दाणा मला मिळेल."

आत्या म्हणाली, "शेंदलं असतं, पण कप्पी कुठे फिरतेय? दोर सरकतच नाही."

इवली चढली वर. वर, वर, अजून वर. तिथे लोखंडाची कप्पी. चाकासारखी गोल.

"कप्पी कप्पी, फिर.
कप्पी गरगर फिरेल,
आत्या पाणी शेंदेल,
चांद्या गाडी ओढेल,
दादा पाव भाजेल,
काकू मिसळ वाढेल,
माझा दाणा मला मिळेल."

कप्पी म्हणाली, "फिरले असते, पण पोटात खडा अडकलाय. कुणाचं बोट आत जात नाही."

इवली म्हणाली, "मी जाते."

फटीतून शिरली आत. आत होता खडा. अगदी इवलीएवढा. इवलीने डोकं लावलं. पाय रोवले. हुं. हुं. हुंऽऽ. टक्क. खडा निसटला. डुबुक. गेला विहिरीत.

मग कप्पी फिरली, गरगर गरगर.
आत्याने पाणी शेंदलं, खळखळ खळखळ.
चांद्या प्यायला, घटघट घटघट. आणि त्याने गाडी ओढली, खडखड खडखड.
दादाची भट्टी पेटली, धडधड धडधड. पाव फुगले. मऊ मऊ, वर तांबूस.

काकूने पाव घेतले आणि मिसळ वाढली. खाली मटकी. वर तर्री. वर फरसाण, कांदा, कोथिंबीर. लिंबू पिळलं, पिचिक.

दादाला एक ताटली. आत्याला एक ताटली. चांद्याला हिरवा चारा.

"आणि माझा दाणा?" इवली म्हणाली.

काकूने कढीपत्त्याचं एक पान ठेवलं. पानावर मटकीचा एक दाणा, शेपटीसकट. तर्रीचा एक थेंब. शेवेचा एक तुकडा. पावाचा एक कण.

"हा घे तुझा दाणा."

इवली बघतच राहिली. अख्खी मिसळ, तिच्याएवढी.

इवलीने घास घेतला. हुस्स. जीभ चुरचुरली. पावाचा कण खाल्ला. गार वाटलं. पुन्हा घास. पुन्हा हुस्स.

इवलीने वर पाहिलं. केवढा मोठा तो दादा. दादाही म्हणत होता, हुस्स. केवढी मोठी ती आत्या. आत्याही म्हणत होती, हुस्स. काकूही हुस्स.

माणसं एवढाली आणि मुंगी एवढीशी. पण हुस्स सगळ्यांचं सारखंच.

ताटली झाली चाटून पुसून,
गोष्ट बसली पोटात जाऊन.