कट्ट्यापर्यंतचा उतार

"...पण आक्का, ही भीती जाणार कधी?"

खांबेटे यांनी पुन्हा तेच विचारलं. आक्का वाती वळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"चहा घेतलास, मोरेश्वरा?"

"घशाखाली उतरत नाही."

"मग खरी आहे भीती," आक्का म्हणाल्या.

मी ओसरीवर घेवडा निवडत होतो. आमचा मठ घाटमाथ्यावर आहे. मठ म्हणजे काय, एक गाभारा, चार खोल्या, उतरतं अंगण आणि अंगणाच्या तळाशी बकुळ. बकुळीला दगडी कट्टा. त्या कट्ट्यावर आक्का संध्याकाळच्या बसतात. त्या आमच्या गुरू. उपदेश करत नाहीत, एवढी एकच खोट.

मोरेश्वर खांबेटे त्यांचे कोल्हापूरचे शिष्य. पंपांचा कारखाना आहे त्यांचा, आणि एक जुनी जर्मन गाडी. गाडी वीसेक वर्षांची, पण आजही तिचं दार लागलं की तिजोरी बंद झाल्यासारखं वाटतं. ती शोरूमला द्यायची नाही, हे खांबेट्यांचं व्रत. तेल बदलण्यापासून ब्रेकपर्यंत सगळं स्वतःच्या हाताने. शहरातल्या त्यांच्या सोसायटीला फरशीवर तेलाचे डाग खपत नाहीत, म्हणून हत्यारं घेऊन इकडे येतात आणि आमच्या शेडमध्ये गाडीखाली सरपटतात. वर आम्हालाच ऐकवतात.

"शोरूमवाला आधी कॉम्प्युटर लावतो, मग गाडीकडे बघतो. मी नुसत्या आवाजावरून सांगतो. माझ्या गाडीचं दुखणं मला नाही कळणार, तर कोणाला?"

यावर आम्ही काय बोलणार? आम्हाला सायकलची चेनही बसवता येत नाही.

काल त्यांनी पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड बदलले. निमित्त मोठं होतं. लेक वैजयंती पोटुशी, डोहाळजेवण झालेलं, पहिलं बाळंतपण माहेरी. आज घाट उतरून तिला रत्नागिरीहून आणायचं होतं. लेक आपल्याच गाडीतून येणार, आणि गाडीला हात फक्त बापाचा लागलेला असणार, याचं कोण कौतुक!

काम झालं. हात पुसले. शीळ घालत खांबेटे गाडीत बसले आणि गाडी शेडमधून अंगणात सोडली.

नवे पॅड बसवले की गाडी हलवण्याआधी ब्रेकवर पाय मारत राहायचं, तो पायाला घट्ट लागेपर्यंत. नाहीतर पहिल्या खेपेला पाय नुसताच तळाला जातो आणि गाडी थांबत नाही. हे मठात सगळ्यांना पाठ आहे, कारण खांबेटे दर वेळी समजावून सांगतात.

काल ते स्वतःच विसरले.

गाडी उतारावरून थेट कट्ट्यावर गेली. बंपर फुटला. कट्ट्याचा एक दगड निखळून आत सरकला. आक्का बसतात ना, नेमका तिथला. त्या तेवढ्यात काडेपेटी आणायला आत गेल्या होत्या...

रात्री खांबेटे जेवले नाहीत. उजाडताना पाहिलं, तर शेडमध्ये परत नेलेल्या गाडीपाशी उकिडवे बसलेले. चाक लावत होते, पुन्हा काढत होते.

"मी शोरूमला फोन करतो," आता ते म्हणाले. "ते गाडी उचलून नेतील. वैजूला टॅक्सीने आणतो."

"आण की."

"म्हणजे... तुमची हरकत नाही?"

"माझी कसली हरकत? शिकलेली माणसं आहेत ती. चांगलं काम करतात."

खांबेट्यांचा चेहरा पडला. आक्कांनी नको म्हणावं, अशी त्यांची अपेक्षा असावी.

"आणि माझं काय?"

"तुझं काय?"

"हात कापतात, आक्का. नट आवळला तरी सैल वाटतो. डोळे मिटले की हा कट्टा दिसतो. कधी त्यावर तुम्ही असता... कधी वैजू असते. इतकी वर्षं हे काम केलं, एकदाही भ्यालो नाही. माझ्या हातांवरचा माझाच विश्वास उडाला. ही भीती काढून घ्या. मंत्र द्या, अंगारा द्या, काय वाटेल ते द्या."

आक्कांनी हातातली वात तबकात ठेवली.

"चल."

तबक घेऊन त्या अंगण उतरल्या. गुडघे धरलेत त्यांचे, त्यामुळे सावकाश. कट्ट्यापाशी थांबल्या, निखळलेला दगड हाताने चाचपला. मग त्याच दगडावर बसल्या आणि तबक मांडीवर घेतलं.

"आण गाडी."

"कुठे?"

"इथवर. माझ्यापाशी."

माझ्या हातातली परडी कलंडली. खरं सांगतो, मला आक्कांचा राग आला. गुरू झाल्या म्हणून काय झालं?

"आक्का, उठा तिथून!" मी ओरडलो. मठात इतक्या मोठ्याने कोणी बोलत नाही.

"तू घेवडा निवड," त्या म्हणाल्या.

खांबेट्यांनी हात जोडले. "नको, आक्का. पाया पडतो. कट्ट्यावर मी बसतो, गाडी दुसरं कोणीतरी आणू दे."

"गाडी कोणाची?"

"माझी."

"काम कोणी केलं?"

"मीच. पण पुन्हा काही विसरलं असेल तर?"

"काल तर शीळ घालत आणलीस."

"काल मला..."

आक्का वात वळत राहिल्या.

...

मग खांबेटे अंगण चढून गेले.

त्यांनी चारही चाकांचे नट पान्याने तपासले, मग पाना ठेवून हातानेही चाचपले. टॉर्च घेऊन गाडीखाली शिरले आणि ब्रेकच्या पाइपांवरून बोट फिरवून ते बोट उजेडात धरलं. कोरडं होतं, तेल गळत नव्हतं. मग आत बसले. ब्रेकवर पाय मारल्याचा आवाज येत राहिला... धप... धप... मग इंजिन चालू झालं. पुन्हा पाय मारणं. गाडी हलेना.

दार उघडलं. खांबेटे खाली उतरले, शेडमागे गेले आणि फणसाचा एक ओंडका ओढत आले. घामाघूम झाले होते. ओंडका त्यांनी कट्ट्यापासून बऱ्याच वर, उतारावर आडवा टाकला आणि लाथ मारून पाहिला.

"हे काय?" आक्कांनी विचारलं.

"नाहीच थांबली, तर..."

"बरं. राहू दे."

मीही मग उठलो आणि ओंडक्याला दोन्हीकडून दगड लावले. मला कोणी सांगितलं नव्हतं.

गाडी निघाली. वीतभर आली, थांबली. पुन्हा वीतभर, पुन्हा थांबली. काचेतून खांबेट्यांचं तोंड दिसत होतं, पांढरंफटक. मी देवाचं नाव घेत होतो, आणि आक्कांवरचा राग तोंडाने नाही तरी मनात चालूच होता. त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही.

ओंडका अजून दूर असतानाच गाडी थांबली आणि थांबूनच राहिली.

खांबेटे खाली उतरले, दाराला धरून उभे राहिले आणि मग तिथेच जमिनीवर बसले. रडत होते.

"थांबली, आक्का..."

"दिसलं मला." आक्कांनी ओंडक्याकडे पाहिलं. "हा काल का नव्हता टाकलास?"

"काल... काल गरजच वाटली नाही."

"हं."

मी खाली सांडलेला घेवडा वेचायला गेलो, पण कान तिकडेच होते.

"वैजूला कधी आणायचं?" आक्कांनी विचारलं.

"निघायला हवं आता."

"मीही येते. मागे बसेन. पोरीला सोबत होईल."

खांबेट्यांनी डोळे पुसले, उठले. पण गाडीत शिरले नाहीत. गुडघे टेकून पुढच्या चाकाच्या आत डोकावले, नटांवरून पुन्हा एकदा हात फिरवला. हात अजून कापत होता, आणि तो लपवावा असं आता त्यांना वाटत नव्हतं.

"आक्का, घाटात प्रत्येक वळणावर मी भिणार."

"हो."

"तुम्ही आणि वैजू, दोघी मागे असणार. मी जास्तच भिणार."

"हो."

"म्हणजे भीती गेलीच नाही! आहे तशीच आहे. सांगा ना... जाणार कधी?"

आक्कांनी वाती गोळा केल्या, वर गाडीपाशी येऊन तबक माझ्या हातात दिलं आणि गाडीचं मागचं दार उघडलं.

"गेली की मला सांग," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी शोरूमला फोन करू."