शिंजू आणि संक्रांतीचं काळं कापड

लिंबाच्या झाडावर एक इवलंसं घरटं. घरट्यात राहायची शिंजू. शिंजू म्हणजे बोटाएवढी पाखरी. चोच बारीक नि वाकडी. तिच्या पंखाखाली एकच पिल्लू. अंगावर पीससुद्धा नाही.

संक्रांत झाली, तरी थंडी जाईना. वारा आला सूंऽऽ सूंऽऽ. घरट्यातला कापूस घेऊन गेला मेला! पिल्लू लागलं कुडकुडायला. चीं चीं चीं!

शिंजू उडाली भिर्र भिर्र. गेली वेणू शिंपिणीकडे.

"वेणूमावशी, वेणूमावशी, कापड दे.
पिल्लू माझं गारठतंय!"

वेणूमावशी म्हणाली, "संक्रांतीचं काळं कापड उरलंय बाई. चांगलं ऊबदार आहे. सण सरला, आता काळ्याला कुत्रं विचारत नाही. पण अख्खं तुला उचलवणार नाही, आणि माझी कात्री बोथट. आधी धारवाल्याला सांग."

शिंजू उडाली भिर्र भिर्र.

"हसनचाचा, हसनचाचा, धार लावा.
कात्री चालेना, कापड मिळेना,
पिल्लू माझं गारठतंय!"

हसनचाचा म्हणाले, "माझं चाक अडलंय, बेटा. आधी तेल आण."

लांबून आवाज आला. चीं चीं.

शिंजू उडाली भिर्र भिर्र. गेली तेलाच्या घाण्यावर.

"भिमाकाकू, भिमाकाकू, तेल दे.
चाक वळेना,
कात्री चालेना, कापड मिळेना,
पिल्लू माझं गारठतंय!"

भिमाकाकू म्हणाली, "घाणा रिकामा गं. सगळे तीळ लाडवांत गेले. आधी तीळ आण."

लांबून आवाज आला. चीं.

शिंजू उडाली भिर्र भिर्र. गेली मुंग्यांच्या बिळाशी.

"मुंगूताई, मुंगूताई, तीळ दे.
घाणा फिरेना, चाक वळेना,
कात्री चालेना, कापड मिळेना,
पिल्लू माझं गारठतंय!"

मुंगी आतूनच म्हणाली, "सांडलेले तीळ आहेत आमच्याकडे. पण दारात कोंबडी बसलीय. बाहेर पडलं की टिपते. आधी तिला उठव."

शिंजूनं कान दिला. आता आवाजच येईना.

"कोंबडीबाई, कोंबडीबाई, ऊठ.
तीळ येईना,
घाणा फिरेना, चाक वळेना,
कात्री चालेना, कापड मिळेना,
पिल्लू माझं गारठतंय!"

कोंबडी कण्हली, "उठू कशी? पायात पतंगाचा दोरा. गच्च रुतलाय. जा बाई, मला कुणी नाही."

आता कुणाकडे जायचं? कुणीच उरलं नाही. शिंजूला खूप भीती वाटली. पण रडायला वेळ कुठे? ज्याचं जळतं, त्यालाच कळतं. तिनं गाठीत चोच घातली. टुक टुक, टुक टुक. रक्त आलं. कोंबडी ओरडली. टुक टुक, टुक टुक.

गाठ सुटली!

कोंबडी उठली,
मुंगी निघाली, तीळ आले,
घाणा फिरला घर्रर्र, तेल पडलं टप्प,
चाक वळलं खर्रर्र,
कात्री चालली कच् कच् कच्!

आणि मग बघा, सगळेच पुढे!

कोंबडी म्हणाली, "माझ्या पायाला पट्टी!" कच्!
मुंगी म्हणाली, "आमच्या दाराला पडदा!" कच्!
भिमाकाकू म्हणाली, "माझ्या बुधलीला बोळा!" कच्!
हसनचाचा म्हणाले, "माझं बोट कापलंय, चिंधी द्या!" कच्!

काळं कापड संपत आलं. शिंजू बघतच राहिली. तिच्यासाठी उरला नखाएवढा तुकडा.

"इतकासाच गं?" वेणूमावशी ओशाळली.

"पिल्लू त्याहून लहान आहे," शिंजू म्हणाली.

तुकडा चोचीत धरून ती उडाली भिर्र भिर्र.

पिल्लू गार पडलं होतं. डोळे मिटलेले. शिंजूनं त्याला काळ्या चिंधीत गुंडाळलं. वर पंख पसरला. थांबली. पिल्लू हलेना. आणखी थांबली. वारा आला सूंऽऽ सूंऽऽ. शिंजूनं पंख उचलला नाही.

मग चिंधी हळूच हलली. आतून एक चोच वर आली. आणि उघडली आऽऽऽ एवढी मोठी!

पिल्लाला भूक लागली होती.