तीन लाख लिटर निवळ पाणी

“मग गोबरा आज नेऊ, की उद्या सकाळी?”

शार्दूलने हे दारातूनच विचारलं. अजून पायांतल्या चपलाही काढल्या नव्हत्या.

मावशी टाकीच्या कठड्यावर बसून बांगड्याचे तुकडे करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“एवढी घाई?”

“बारा दिवसांवर उद्घाटन आलंय, मावशी. पत्रिका वाटून झाल्या. पत्रिकेवर गोबरा माशाचाच फोटो आहे.”

ही मत्स्य महाविद्यालयातली जुनी सिमेंटची टाकी. द्रौपदी नाटेकर चौतीस वर्षं ती सांभाळत होत्या. कागदावर हुद्दा परिचराचा. पण शिकून गेलेली मुलं कुठे अडली, की प्राध्यापकांच्या आधी मावशींकडे येत.

शार्दूल त्यांतलाच. आता तो डॉक्टर शार्दूल पेडणेकर होता, बंदरावरच्या नव्या मत्स्यालयाचा प्रमुख. माशांची घाण पचवून पाणी राहण्याजोगं करणारे जिवाणू, हा त्याच्या प्रबंधाचा विषय. हे मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे जे घडलं ते अडाण्याच्या हातून घडलेलं नाही.

“आधीचे मासे कसे आहेत?” मावशींनी विचारलं.

शार्दूल चपला काढायला वाकला.

“किती गेले?”

“साठ.”

“किती सोडले होतेस?”

“…साठ.”

मावशींचा कोयता थांबला.

“एकाच दिवशी सोडलेस?”

“टाकी तीन लाख लिटरची आहे, मावशी. साठ म्हणजे काहीच नाही. जिवाणूंच्या चाळीस बाटल्या ओतल्या होत्या आधी. तरी माशांच्या घाणीचा अमोनिया चढला.”

“गाळणीतली वाळू कशी होती?”

“एकदम स्वच्छ. तिसऱ्या दिवसापासून तपकिरी पडायला लागली, तेव्हा रोज धुऊन घेतली. नळाखाली, दाबाने. मी स्वतः उभा राहून.”

मावशी त्याच्याकडे बघत राहिल्या.

“आता सगळं पाणी काढलं,” तो घाईघाईने म्हणाला. “टाकी औषधाने धुतली, समुद्राचं गाळलेलं पाणी पुन्हा भरलं. निवळ आहे. पलीकडच्या माणसाच्या शर्टाची बटणं मोजता येतात. आता फक्त मासा हवा.”

“ने मग.”

शार्दूलला वाटलं होतं, वाद होईल. रात्रभर त्याने उत्तरं जुळवली होती. ती सगळी तोंडातच राहिली.

मावशींनी खुंटीवरची मोठी जाळी काढून त्याच्या हातात दिली.

“पण आधी त्याला जेवू घाल. तुझ्या हाताने.”

त्याने बांगड्याचा तुकडा घेऊन हात पाण्यात धरला. तळातून गोबरा वर आला. हातभर लांब, चौदा वर्षांचा, अंगावर शेवाळी ठिपके. त्याने तुकडा हलकेच उचलला आणि गेला नाही. जाड ओठ शार्दूलच्या तळव्याला टेकवून तिथेच थांबला.

विद्यार्थी असताना हाच मासा शार्दूलने ओंजळीतून या टाकीत सोडला होता. तेव्हा तो बोटाएवढा होता.

“ओळखतो तुला,” मावशी म्हणाल्या. “आता त्याला सांग, कुठे नेतोयस.”

“मावशी, मासा आहे तो…”

“तरी सांग.”

शार्दूलने तोंड उघडलं. निवळ पाण्याबद्दल बोलायचं होतं, जाड काचेबद्दल, मंत्र्यांबद्दल. गोबऱ्याचे कल्ले सावकाश उघडमीट करत होते. वरच्या पाण्यात तोंडं काढून धापा टाकणारे साठ मासे त्याला आठवले. ते उचलताना त्याने कुणाला जवळ येऊ दिलं नव्हतं. घरी कुणाला सांगितलंही नव्हतं.

त्याचे डोळे भरून आले. त्याने ओला हात शर्टाला पुसला आणि जाळी खुंटीला परत अडकवली.

“मी मारला असता याला,” तो म्हणाला.

“हो,” मावशी म्हणाल्या.

मग त्या उठल्या. टाकीच्या कडेला लाकडी पेटी होती, तिच्यातून पाणी झिरपून पुन्हा टाकीत पडायचं. पेटीत कालवांचे शिंपले भरलेले. वर्षानुवर्षांचे, तपकिरी, बुळबुळीत. मावशींनी कोपरापर्यंत हात घालून ते उपसायला सुरुवात केली. उपसलेले शिंपले एका बादलीत टाकत गेल्या.

अर्धी पेटी रिकामी झाली, तेव्हा शार्दूल घाबरला.

“मावशी, बस. तुमच्या टाकीचं काय होईल?”

“महिनाभर सगळ्यांना अर्धं जेवण. गोबरा रुसेल थोडा.”

“तुमची चौतीस वर्षं आहेत ती…”

“म्हणून तर देतेय. बाटलीतली नाहीत.”

शार्दूलने दोन्ही हातांनी बादली उचलली. शिंपल्यांवरून तपकिरी ओघळ खाली गळत होते, वास मारत होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं. कोपऱ्यात गोड्या पाण्याचा नळ होता. तो सरळ तिकडे गेला, बादली खाली ठेवली आणि नळ सोडला.

सवय, दुसरं काय. एवढ्या निवळ पाण्यात असली घाण कोण टाकेल?

मावशींनी मध्ये तळहात घातला आणि नळाचं तोंड दाबून धरलं. पाणी फवारून उडालं. शार्दूलचा शर्ट, चष्मा, केस, सगळं भिजलं.

त्याने चष्मा काढून बादलीकडे पाहिलं. चष्म्यावरून पाणी गळत होतं…

“तिसरं प्रकरण,” तो अखेर पुटपुटला. “जिवाणू या तपकिरी थरातच राहतात, नळाच्या पाण्याने मरतात. मी हेच लिहिलंय. चाळीस पानं लिहिलीत.”

“छान लिहिलं असशील.”

त्याने नळ बंद केला. मग आपणच टाकीतलं खारं पाणी तांब्याने घेऊन शिंपल्यांवर ओतलं, गोणपाट भिजवून वर झाकलं. मावशींनी पहिल्यांदाच मान डोलावली.

“गाळणीत पसर. धुऊ नकोस. मासा एकही नको. रोज थोडी कोळंबी फडक्यात बांधून पाण्यात सोड, सडू दे. तेच त्या जिवाणूंचं जेवण. तुझ्या त्या तपासणीच्या नळीतला रंग बघत जा. अमोनियाचा चढेल, उतरेल. मग त्या दुसऱ्या विषाचा चढेल, उतरेल. दोन्ही उतरले, की ये. गोबरा मी स्वतः घेऊन येईन.”

“किती दिवस लागतील?”

“मला काय विचारतोस? मी त्यांची मालकीण नाय.”

शार्दूल बादली कवेत धरून दारापर्यंत गेला. तपकिरी पाणी त्याच्या शर्टावर गळत होतं, तरी त्याने बादली अंगापासून दूर धरली नाही. उंबऱ्याशी तो थांबला.

“उद्घाटन पुढे ढकलणार नाहीत, मावशी. मंत्री येतील, पेपरवाले येतील. तीन लाख लिटर पाणी, आणि त्यात एक मासा नाही. सगळे मलाच विचारतील… काय सांगू?”

मावशींनी कोयता पुन्हा हातात घेतला होता.

“सांग, ज्यांचं घर आहे ते अजून राहायला आले नाहीत.”